आणि समस्त स्टाफ

पिशोर,
शनिवार, सकाळ

प्रिय नौशी,

कागदावरचं माझं अक्षर पाहून तू आधी हसशील. दिवसभर मोबाइलवर टाइप करणारी करुणा आज दादांचं बॉलपेन आणि रेघांचे कागद घेऊन बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुला वेगळं सांगावं लागणार नाही. बिनसलंच आहे. उद्या तुझा निकाह, आणि मी येणार की नाही हे मी ऑफिसात कुणालाही धड सांगितलेलं नाही. विश्वजीत सरांनी ह्या आठवड्यात दोनदा विचारलं, कारण ऑफिसातून एक गाडी ठरवायची आहे, आणि गाडी ठरवायची म्हटली की आपले सर सीटा मोजत बसतात. मी त्यांना म्हटलं, गावी आल्याची काढणी आहे, मला जावंच लागेल. काढणी खरीच आहे. पण माझ्यावाचून आमच्या शेतातलं आलं आजवर कधी जमिनीत अडकून राहिलेलं नाही. मी रुसून आले आहे नौशी. ओसरीवर बसले आहे, समोर मातीनं भरलेल्या आल्याचा ढीग आहे, आई मधूनमधून येऊन माझ्या तोंडाकडे बघून जाते, आणि मी तुझ्या मैत्रिणीवर जळत बसले आहे.

पुढं वाचताना तुला एक गोष्ट विचित्र वाटेल. तुला जे तोंडपाठ आहे, तेही मी फोडून सांगणार आहे. एनम म्हणजे काय, स्विच म्हणजे काय, अगदी बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं. 'मला शिकवायला निघाली' म्हणून चिडू नकोस. त्याला कारण आहे, आणि ते मी शेवटी सांगणार आहे. हे पत्र पोस्टानंही येणार नाही. कसं येणार, तेही शेवटीच. तोवर दम धर, तुझ्यात तो कधीच नव्हता.

तर, श्रेया. नावच घेते, आडपडदा कशाला? तू पुण्याच्या कंपनीत गेलीस त्याला दोन वर्षं होत आली. पहिले काही महिने तुझ्या फोनमध्ये पुण्यातलं ट्रॅफिक असायचं, मेसमधलं पांचट वरण असायचं आणि 'तू असतीस तर' असायचं. मग हळूहळू 'श्रेया म्हणते' सुरू झालं. श्रेया म्हणते, केस कापलेस तर तुला शोभतील. श्रेया म्हणते, चहा सोड, कॉफी घे, आणि तीही बिनसाखरेची. अगं, औरंगपुऱ्याच्या टपरीवर "चाचा, शक्कर थोडी और" म्हणत कप पुन्हा पुढं करणारी तू! आज मला श्रेयाबद्दल इतकी माहिती आहे की तिच्या आईलाही नसेल. ती पालीला घाबरते. तिला मेहंदी सोसत नाही, हातावर फोड येतात. तिला भाऊ नाही. गाडी चालवताना तिला गाणं म्हणायची सवय आहे, आणि तिचा आवाज, तुझ्याच शब्दांत, 'क्या बताऊँ' असा आहे. ह्यातलं काहीही मी विचारलेलं नव्हतं. तू सांगत गेलीस, मी 'हो का, अरे वा' म्हणत गेले, आणि प्रत्येक 'अरे वा'बरोबर माझ्या नाकाला मिरच्या झोंबत गेल्या. तिला माझ्याबद्दल काय माहीत आहे, हे मात्र मी तुला कधी विचारलं नाही. ती 'कोण करुणा?' म्हणाली असं तू सांगशील, ही भीती वाटायची.

वासिफवर मी कधी जळले नाही, हे लक्षात घे. त्याचं स्थळ आलं तेव्हा त्याचा फोटो तू आधी मला दाखवला होतास, आणि 'कान मोठे आहेत पण माणूस चांगला दिसतो' असा दाखला मीच दिला होता. नवऱ्याची केस वेगळी असते, मैत्रिणीची वेगळी. नवरा आला म्हणून मैत्रिणीची जागा जात नाही. मैत्रीण आली की जाते.

तिच्या आधीचं सांगते, कारण तेव्हा ती नव्हती आणि मला तिथं जाऊन बसायला आवडतं. औरंगपुऱ्यातलं बांगड्यांच्या दुकानावरचं आपलं ऑफिस. खिडकीकडची खुर्ची तुझी, भिंतीकडची माझी, मध्ये दोघींत एकच चार्जर. खालून दिवसभर काचेच्या बांगड्या किणकिणतायत आणि वर आपण दोघी शाळेच्या व्हॅनचं ॲप बनवतोय. 'पोचलो' हे नाव माझं, त्यावरचं पिवळ्या गाडीचं चित्र तुझं. मूल गाडीत बसलं, शाळेत उतरलं, घरी आलं, की ड्रायव्हरनं एक बटण दाबायचं आणि आईबापांच्या मोबाइलवर मराठीत निरोप जायचा. एवढंच काम. मुलाच्या चार अवस्था आपण ठरवल्या होत्या: निघायचंय, गाडीत आहे, शाळेत पोचलं, घरी पोचलं. अशी मोजून नावं दिलेली, ठरलेली अवस्थांची जी माळ, तिला एनम म्हणायचं. आणि ह्यातलं कोणतं नाव आलं तर काय करायचं हे ओळीनं लिहून ठेवायचं, तो स्विच. हे नाव आलं तर हा निरोप पाठव, ते आलं तर तो पाठव. म्हणजे प्रत्येक नावाला स्वतःचं दार. त्या दाराला केस म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी, हवं असेल तर, एक मोठं दार ठेवता येतं. त्यावर कुणाचंच नाव नसतं. वरच्या कोणत्याही दारातून जो आत गेला नाही, तो ह्या दारातून. ते डिफॉल्ट. साध्या मराठीत, बाकीचे सगळे.

ते मोठं दार तू ठेवलंस. पहिल्या तीन अवस्थांना दारं दिलीस आणि चौथीला म्हणालीस, "अब क्या बचा? घर पहुँचना ही बचा ना?" आणि डिफॉल्टमध्ये लिहून टाकलंस, 'आपलं मूल सुखरूप घरी पोचलं आहे.' तेव्हा त्यात चुकीचं काही नव्हतं, खरोखर तेवढंच उरलं होतं. मग दिवाळीनंतर शाळेनं सांगितलं की गाडी वाटेत बंद पडली तर तेही पालकांना कळलं पाहिजे. एनममध्ये पाचवं नाव आलं, 'गाडी बिघडली'. ड्रायव्हरच्या मोबाइलवर एक लाल बटण आलं. निरोपांच्या स्विचकडे मात्र कुणी पुन्हा वळलं नाही. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून घेणारा मास्तर, तोही गप्प बसला. पाचव्याला दार नाही असं तो ओरडला असता, पण मोठं दार उघडं होतं ना, पाचवा त्यातून आत जाऊ शकत होता. आणि एका दुपारी हर्सूलच्या पुढं खरंच एक व्हॅन बंद पडली. ड्रायव्हरनं शहाण्यासारखं लाल बटण दाबलं, आणि त्या व्हॅनमधल्या प्रत्येक मुलाच्या घरी निरोप गेला, 'आपलं मूल सुखरूप घरी पोचलं आहे.'

फोन मी उचलला होता. भामाबाई आठवते ना? पहिलीतल्या पोरीची आजी. "ओ बाई, तुमचा मेसेज म्हन्तोय नात घरी आली. म्या पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, शेजारी इचारून आले. कुठंय ती? तुमाला दिसती का तिथून?" ती भांडत नव्हती गं, तेच फार वाईट होतं. तिनं निरोपावर विश्वास ठेवला होता आणि स्वतःच्या डोळ्यांवर नाही. "मलाच दिसंना झालंय का काय," असं म्हणत होती. मी आमच्या गावच्या बोलीत तिच्याशी बोलत राहिले आणि दुसऱ्या हातानं तुझ्या खांद्याला ढोसत राहिले. पोरं एका लिंबाखाली बसून उरलेले डबे खात होती, कुणाला काही झालं नव्हतं. पण नातीचा आवाज कानावर पडेपर्यंत भामाबाईनं मला फोन ठेवू दिला नाही. मग मी कोड उघडला, ते मोठं दार मला सापडलं, आणि तू टेबलावर डोकं टेकून रडलीस. तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण असं काही मी आयुष्यात एकदाच बोलले आहे: "नौशी, ज्याचं नाव आपण घेत नाही, त्याच्याबद्दल आपण गोड खोटं बोलतो. बाकीचे सगळे असं दार ठेवूच नकोस. प्रत्येकाचं नाव घे. कुणी राहिलं तर कंपायलर ओरडेल. ओरडू दे." संध्याकाळपर्यंत आपण दोघींनी मिळून सगळी मोठी दारं बुजवली. त्यानंतर एखादं नवं नाव कुठं राहून गेलं की पडद्यावर पिवळी ओळ यायची. तू खुर्ची मागं ढकलायचीस, "करुणा, देख, चिल्लाया!" म्हणायचीस, आणि त्या ओरडण्याच्या नावानं आपण खाली जाऊन चहा प्यायचो.

आता तुझं भाषण. त्याची लिंक तू मला पाठवली नाहीस. ती सरांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली, 'आपली नौशीन' असं लिहून. पुण्यातलं एवढं मोठं सभागृह, गळ्यात बिल्ला अडकवलेली तू, आणि मागं पडद्यावर विषय, 'एनमच्या स्विचमध्ये डिफॉल्ट का नको'. मला इतका आनंद झाला की जेवणाचा डबा तसाच झाकून मी बघायला बसले. व्हॅन आली. लाल बटण आलं. भामाबाई आली, तिचा पलंगही आला, लोक हसले आणि मग सावरून बसले. चूक तुझी होती हे तू सगळ्यांसमोर सांगितलंस, त्याचा मला अभिमान वाटला. आणि मग म्हणालीस, "तेव्हा एका सहकाऱ्यानं मला सांगितलं," आणि माझं वाक्य म्हणालीस. जसंच्या तसं. एक सहकारी! अगं, सहकारी तर साखर कारखानाही असतो. तरी मी पुढं पाहत राहिले. शेवटी तू आभार मानलेस. डेंग्यूनं तू दवाखान्यात होतीस तेव्हा तुझ्या उशाशी बसून श्रेयानं ह्या स्लाइड्स केल्या, म्हणून श्रेयाचे विशेष आभार, "आणि बाकी सगळ्यांचे." श्रेया पहिल्याच रांगेत होती, कॅमेरा तिच्याकडे वळला. मी चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं. तिच्या कानांत गुलमंडीतले झुमके होते. तेच, खालच्या घुंगरात हिरवा मणी असलेले. आपण घेतले तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "दो ही जोडी है बेटा, तिसरी ढूँढे तो भी नै मिलती." एक जोडी माझ्या कपाटात आहे. दुसरी तुझी होती.

झुमक्यांचं मी सोडून देईन असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. पण खरी कळ झुमक्यांची नव्हती. डेंग्यू? कधी? मी आपले जुने मेसेज वर सरकवत सप्टेंबरपर्यंत गेले. मी विचारलंय, 'आवाज नाही तुझा, बरी आहेस ना?' आणि तुझं उत्तर, 'मस्त गं. तू सांग.' हाताला सलाइन लावलेलं, ताप चढलेला, आणि 'मस्त गं. तू सांग.' मग मी आणखी मागंपुढं पाहिलं. दादांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल मी पानभर लिहिलंय, खाली तू, 'मस्त होईल सगळं.' पुण्यात घर बदललंस तेव्हा, 'मस्त.' साखरपुड्याच्या आधी तुझं आणि वासिफचं कशावरून तरी वाजलं होतं असं तुझ्या भावाच्या, रिझवानच्या बोलण्यातून निसटलं होतं, तेव्हाही, 'अगं मस्त चाललंय.' वर्षभर तुझ्याकडून मला एकच निरोप येतो आहे नौशी, आणि तो मी ओळखते, एका दुपारी मीच तो शोधून काढला होता. आपलं मूल सुखरूप घरी पोचलं आहे. आणि मी भामाबाईसारखी तुझं 'मस्त' हातात धरून पलंगाखाली बघते आहे, मोरीत बघते आहे, मलाच दिसंना झालंय का काय म्हणून. तू म्हणशील, सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस. आलेच असते! मिळेल त्या गाडीनं, उभ्यानं आले असते. उशाशी बसायचं काम माझं होतं. ते श्रेयानं केलं, त्याबद्दल मी तिचे आभार मानायला हवेत. मानते. दातओठ खाऊन मानते.

एवढं सगळं गिळून मी बसले होते, आणि वरून रुक्का आला, तुझी लग्नपत्रिका. सोनेरी कडेचा, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. तुझे अब्बा स्वतः ऑफिसात येऊन देऊन गेले, मी तेव्हा नेमकी आपल्या व्हॅनवाल्या शाळेत गेले होते. परत आले तर पाकीट सरांच्या टेबलावर, आणि त्यावर निळ्या शाईनं, 'विश्वजीत सर आणि समस्त स्टाफ'. मी पाकीट उलटं करून पाहिलं. माझ्या टेबलावर पाहिलं, कीबोर्डखाली पाहिलं, ड्रॉवर उघडून पाहिला. समस्त स्टाफमध्ये हल्ली कोण कोण आहे ठाऊक आहे? मी, दोन नवे ट्रेनी ज्यांनी तुला कधी पाहिलेलंही नाही, आणि पाण्याचे जार वर चढवणारे कडूबामामा. मामा फार खूश झाले. "आपल्याला बी बलावलंय व्हय? जाऊ की मंग, नान-खलिया असंल जेवायला." मी म्हटलं, हो मामा, आपल्या दोघांना एकाच दारातून जायचंय. त्यांना वाटलं मी हॉलच्या दाराबद्दल बोलते आहे. "मंग काय, संगंच जाऊ," म्हणाले. आणि मी ऑफिसात काय करत होते सांगू? तू गेल्यापासून तुझ्या खिडकीकडच्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलेलं नाही. ट्रेनी आले तेव्हा मी त्या खुर्चीवर प्रिंटर ठेवला आणि त्याची वायर इथपर्यंतच पोचते म्हणून सांगितलं. सरांना ते खरं वाटतं.

तरीही मी आले असते. मोरपंखी ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. पण परवा रिझवाननं स्टेटसला फोटो लावला. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतलं तुमचं घर, वरची खोली, खिडकीजवळचा दिवाण. त्याचं डावं टोक. तिथली स्प्रिंग बसली आहे, त्यामुळं तिथं बसलेला माणूस एका बाजूला कलतो, आणि कलला की खिडकीतून समोरच्या अत्तरवाल्याचं दुकान दिसतं. ऑफिस सुटल्यावर तू मला घरी ओढून न्यायचीस आणि मी तिथंच जाऊन कलायचे. तुझी मावशी एकदा तिथं बसली तर अम्मींनी तिला उठवलं होतं, "उधर नक्को बैठ, वो करुणा की जगा है." मावशी महिनाभर फुगून होती. त्या टोकावर, मांडीवर ताटली घेऊन, व्यवस्थित एका बाजूला कललेली, श्रेया! आयत्या बिळावर नागोबा! आणि अम्मी शेजारी उभ्या राहून तिला आणखी खलिया वाढतायत. तिच्या चेहऱ्यावर तर असा आनंद की जणू दिवाण तिच्यासाठीच तिकडं कलला आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रजेचा अर्ज टाकला, पिशोरची बस धरली आणि आल्याच्या ढिगाशी येऊन बसले.

आज सकाळी दारात मोटरसायकल थांबली. रिझवान. भुवयांपर्यंत धुळीनं पांढरा, हेल्मेटचा पट्टा काही केल्या सुटत नाही, आणि तसाच ओरडतोय, "आपा बोली, करुणाआपा को लेको आ, नै तो तू भी घर में नक्को आ!" आमच्याकडं लग्नाला लेक पत्रिकेवर जात नाही, नौशी. तिला आणायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आईनं रिझवानला पाहिलं आणि मला न विचारता माझी पिशवी भरायला घेतली. "मुऱ्हाळी आलाय. आता रुसून जमत नाय," म्हणाली आणि त्याला भाकरी वाढायला बसली. मी त्याला जाब विचारला. रुक्क्यावर माझं नाव का नाही? घास तसाच हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. "आप को रुक्का कायको? रुक्का तो मेहमानों को देते. आप तो बुलाने वालों में हैं ना?" मग मी रडले. रिझवानला वाटलं त्याचंच काही चुकलं, आणि आईला वाटलं भाकरीत मीठ राहिलं. तुम्ही सगळ्यांनी मला घरातलं धरलं होतं, आणि म्हणूनच माझं नाव लिहायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पण मनात धरलेलं कंपायलरला कळत नाही, आणि माझं डोकं तर त्याहून ठोंब्या. त्याला लिहिलेलं असेल तेवढंच दिसतं. नाव राहिलं की ते ओरडतं, आणि ओरडू द्यायचं हा आपलाच नियम आहे. तेव्हा ही सगळी पानं म्हणजे ती पिवळी ओळ समज. देख, चिल्लाया.

आता कारण. रिझवान दादांबरोबर शेतात आलं बघायला गेला आहे, तो आला की आम्ही निघू. हे सगळं मी तोंडानं बोलू शकले असते. पण तुझ्यासमोर मला नीट भांडता येत नाही, तू हसतेस आणि मी विरघळते. शिवाय मी विचार केला. संध्याकाळी तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत मेहंदीनं भरलेले असतील, तुला कागद धरता येणार नाही. तुझ्या बहिणींचं तेच. अम्मींना मराठी ऐकून सगळं कळतं, पण त्या वाचतात उर्दू. रिझवानला बायकांच्या खोलीत कुणी घेणार नाही, तो दारातून पत्र सरकवून पळेल. त्या भरल्या खोलीत कोरड्या हातांचं आणि मराठी वाचणारं एकच माणूस असेल, ज्याला मेहंदी सोसत नाही. म्हणून एनम आणि स्विच एवढं फोडून सांगितलं, अम्मींना आणि मावशींना गोष्ट कळावी म्हणून. म्हणूनच एक ओळही खोडली नाही आणि अक्षर इतकं सुवाच्य काढलं. तर श्रेया, इथपर्यंत वाचलंस, छान वाचलंस. नागोबाचा राग मानू नकोस. थोडा मानलास तरी चालेल. तू तिच्या उशाशी बसलीस, हे मी विसरणार नाही. झुमके कानांत असतील तर असू देत, माझेही मी घालून आले आहे, आणि तुझे तुला कसे मिळाले ते आपण तिघी बसून बघू. पण आता हे कागद अम्मींच्या हातात दे, आणि दिवाणावरून उठ. ती माझी जागा आहे. मी खाली जिन्यात पिशवी घेऊन उभी आहे.

तुझीच (श्रेया, हा शब्द जरा मोठ्यानं वाच),
करुणा